घटनेचे आदर्श नुसते प्रस्तावनेत शोधू नका, ते खरे कुठे आहेत ते सांगते

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता हे शब्द छान आहेत, शाळेच्या प्रत्येक पुस्तकात सुरुवातीलाच छापलेले असतात, पण ते फ्रान्स-अमेरिकेतून उचललेले, कोर्टात नुसत्या त्यांच्यावर केस उभी राहत नाही, आणि रोजच्या जगण्यात तर ते शोधूनही सापडत नाहीत. मग ह्या देशाच्या पायाशी खरंच काही राजकीय विचार होता की फक्त चांगली भाषा होती?

मी बरीच वर्षं हायकोर्टात रिटच्या केसेस चालवते आणि सोबत लॉ कॉलेजात घटना शिकवते, आणि हा प्रश्न मला दरवर्षी कोणीतरी विचारतंच, बहुतेक वेळा वर्गातला सगळ्यात हुशार मुलगा किंवा मुलगी. माझं उत्तर असं की विचार होता, आणि चांगला पक्का, भांडून तावून सुलाखून घेतलेला होता, पण तो प्रस्तावनेच्या चार शब्दांत शोधाल तर हाताला फार काही लागणार नाही. कुठल्याही देशाच्या संस्थापकांचे आदर्श कळायचे असतील तर ते काय बोलले ह्यापेक्षा त्यांनी कशाला नाही म्हटलं, कुठली दुरुस्ती मतदानाला टाकून पाडली, आणि जे द्यायचं म्हटलं ते माणसाच्या हातात पडावं म्हणून सोय काय केली, हे बघायचं. आपल्या घटना समितीचं कामकाज शब्दन् शब्द छापलेलं आहे त्यामुळे हे बघता येतं, अंदाज बांधत बसावं लागत नाही.

सुरुवात महाडपासून करते, कारण मला वाटतं आपल्या घटनेचा राजकीय विचार समजायला त्याच्याइतकी चांगली जागा नाही, आणि महाडबद्दल आपण सगळे जे सांगतो त्यात कायद्याचा भाग कायम गाळला जातो. 4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदे मंडळात सी. के. बोल्यांनी ठराव आणला, की सरकारी पैशातून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्याची ठिकाणं, विहिरी, धर्मशाळा, शाळा, कोर्टं, दवाखाने हे सगळं अस्पृश्यांना खुलं असावं. ठराव पास झाला. महाड नगरपालिकेनेही 1924 मध्ये चवदार तळं खुलं केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर हक्क होता! आणि तरी पाण्याला हात लावायला 20 मार्च 1927 उजाडावा लागला, आणि त्या दिवशी लोक पाणी प्यायले तर त्यांना मारहाण झाली, तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, पुढे नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला, आणि डिसेंबरात दुसऱ्या सत्याग्रहाच्या तोंडावर काही सवर्णांनी दिवाणी कोर्टात दावा लावून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. ती केस जवळजवळ 10 वर्षं चालली आणि 17 मार्च 1937 ला मुंबई हायकोर्टात बाबासाहेबांच्या बाजूने निकाल लागला.

आता हा निकाल कशावर लागला ते बघा, इथेच सगळी मेख आहे. कोर्टाने असं नाही म्हटलं की माणसाला माणूस म्हणून पाण्यावर हक्क आहे. कोर्टाचं म्हणणं एवढंच होतं की तळ्यावर फक्त आमचाच वापर ही अनादि काळापासूनची रूढी आहे असा जो दावा वादींनी केला तो त्यांना सिद्ध करता आला नाही. वकील म्हणून मला हे वाचताना प्रत्येक वेळी अस्वस्थ व्हायला होतं, कारण ह्याचा सरळ अर्थ असा की त्यांच्याकडे पुरावा जरा चांगला असता, रूढी तेवढी जुनी दाखवता आली असती, तर कायद्यानेच त्या रूढीच्या बाजूने उभं राहायचं होतं. जिंकलो, पण ज्या दारातून जिंकलो ते दार पुढच्या तळ्याच्या, पुढच्या विहिरीच्या केसमध्ये बंद असू शकत होतं.

आता घटनेचं कलम 13 उघडा. त्यात म्हटलंय की मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्यवत, आणि 'कायदा' ह्या शब्दात काय काय येतं ह्याची यादी दिलीय, त्या यादीत रूढी आणि परिपाठ हेही आहेत. बहुतेक विद्यार्थी हे दोन शब्द वाचतसुद्धा नाहीत. पण 1937 च्या निकालात जी फट राहिली होती ती इथे बुजवली, आता रूढी हजार वर्षं जुनी आहे हे तुम्ही सिद्ध केलंत तरी उपयोग नाही. मग कलम 15 चा दुसरा खंड वाचा: दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, करमणुकीची ठिकाणं, आणि पूर्णतः किंवा अंशतः सरकारी पैशातून राखलेल्या किंवा लोकांसाठी खुल्या ठेवलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते, ह्यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ह्या कारणांवरून कुणावर बंधन घालता येणार नाही. 1923 चा ठराव आणि हे कलम शेजारी शेजारी ठेवून वाचा, नातं लगेच दिसतं. जगातल्या किती घटनांमध्ये विहीर आणि तलाव हे मूलभूत हक्कांच्या प्रकरणात आलेत ते शोधून बघा. आणि मग सांगा हे फ्रान्समधून उचललं का.

ह्या कलमावर 29 नोव्हेंबर 1948 ला चर्चा झाली तेव्हा प्रश्न निघाला की 'दुकान' म्हणजे नेमकं काय धरायचं. बाबासाहेबांचं उत्तर फार महत्त्वाचं आहे. ते म्हणाले की हा शब्द व्यापक अर्थाने घेतलाय, जो कोणी येणाऱ्याला सेवा द्यायला बसलाय त्याची जागा म्हणजे दुकान, आणि नुसतं आत येऊ देण्यापुरता हा हक्क नाही, अटी मान्य असतील तर ती सेवाही द्यावी लागेल. आपल्याकडे हा फरक किती खोल आहे हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही, न्हाव्याच्या दुकानात आत बसू देतील पण केस कापणार नाहीत, हॉटेलात चहा देतील पण कप वेगळा ठेवतील. कलम लिहिणाऱ्याला ही पळवाट आधीच माहीत होती, म्हणून ती आधीच बंद केली. 2011 मध्ये सुप्रीम कोर्टाने एका खासगी मेडिकल कॉलेजच्या प्रवेशाच्या केसमध्ये हेच स्पष्टीकरण आधाराला घेऊन म्हटलं की खासगी शिक्षणसंस्थाही ह्या कलमाच्या कक्षेत येतात. म्हणजे 60 वर्षांनंतरही त्या दिवशीचं एक उत्तर चालू आहे.

त्याच दिवशी कलम 17 पण मंजूर झालं, अस्पृश्यता नष्ट केली जात आहे, तिचं कुठल्याही रूपात पालन निषिद्ध, आणि तो गुन्हा. पुढे 1955 चा कायदा आणि 1989 चा ॲट्रॉसिटी कायदा ह्याच मुळावर उभे राहिले.

राजकीय तत्त्वज्ञानाच्या भाषेत हे किती मोठं वळण आहे ते जरा थांबून बघू. युरोप-अमेरिकेतल्या हक्कांच्या परंपरेचा मुख्य रोख राजावर, सरकारवर आहे, सत्तेला आवर घाला म्हणजे माणूस मोकळा. अमेरिकेत यादवी युद्धानंतर समान संरक्षणाची दुरुस्ती आली, आणि खानावळी-नाटकगृहांत काळ्या लोकांना मज्जाव करू नये असा कायदा काँग्रेसने केला, तर तिथल्या सुप्रीम कोर्टाने 1883 मध्ये तो रद्द केला, कारण काय तर ती दुरुस्ती सरकारला बांधते, खासगी माणसाला बांधत नाही. आपल्याकडे लिहिणाऱ्यांना माहीत होतं की इथे माणसाचं स्वातंत्र्य हिरावून घेणारा कायम पोलीस किंवा कलेक्टर नसतो, बऱ्याच वेळा शेजारी असतो, गाव असतं, जात असते. म्हणून आपल्या मूलभूत हक्कांतली काही कलमं सरकारला ओलांडून थेट समाजाला लागू आहेत, 15 चा दुसरा खंड, 17, आणि वेठबिगारीवरचं 23. ह्या देशाचा पायाभूत विचार एका वाक्यात सांगा असं कुणी म्हटलं तर मी हे सांगेन, की जुलूम सरकारकडूनही होतो आणि समाजाकडूनही होतो, आणि घटना दोघांनाही आवरते. फुल्यांपासून हा विचार आपल्या भाषेत जोरात मांडला जात होता, 1873 चा सत्यशोधक समाज काही फ्रान्सहून आला नव्हता. (फुल्यांनी परकीय लेखक वाचले होते, बाबासाहेबांनी महाडच्या दुसऱ्या परिषदेत 1789 च्या फ्रेंच राष्ट्रीय सभेचा दाखला दिला होता, आणि 1954 मध्ये रेडिओवर ते म्हणाले की स्वातंत्र्य, समता, बंधुता ही तीन तत्त्वं मी फ्रेंच राज्यक्रांतीतून घेतली नाहीत, बुद्धाच्या शिकवणीतून घेतली. मला ह्यात विसंगती वाटत नाही, माणूस दाखला सगळीकडचा देतो आणि मूळ आपलं शोधतो.)

आता उपायांकडे येऊ, कारण 'केस उभी राहत नाही' हा तुमचा मुद्दा तिथे आहे. 13 डिसेंबर 1946 ला नेहरूंनी घटना समितीत उद्दिष्टांचा ठराव मांडला, आजच्या प्रस्तावनेचं मूळ तेच. चार दिवसांनी, 17 डिसेंबरला, बाबासाहेब बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की ठरावाने माझी निराशा झाली. का? एक म्हणजे हक्क सांगितलेत पण उपाय सांगितलेला नाही, आणि हक्काचा भंग झाला तर दाद कुठे मागायची हे नसेल तर हक्काला अर्थ नाही. दुसरं म्हणजे सामाजिक-आर्थिक न्याय म्हणता तर जमीन आणि उद्योग राष्ट्राच्या मालकीचे करू असं स्पष्ट का म्हणत नाही. ज्या माणसाने एक पास झालेला ठराव आणि एक न मिळालेलं पाणी ह्यांच्यातलं अंतर स्वतः बघितलं होतं, तो उद्दिष्टांच्या ठरावावर खूश होणारच नव्हता असं मला वाटतं.

जमिनीचं राष्ट्रीयीकरण घटनेत आलं नाही. उपाय मात्र आला, कलम 32, ज्याने मूलभूत हक्क मोडला गेला तर थेट सुप्रीम कोर्टात जाता येतं आणि हा जाण्याचा हक्क स्वतःच मूलभूत हक्क आहे. 9 डिसेंबर 1948 ला ह्याच कलमाबद्दल ते म्हणाले की घटनेतलं सगळ्यात महत्त्वाचं कलम कुठलं असं विचाराल तर मी हेच सांगेन, हा घटनेचा आत्मा आहे, हृदय आहे. लोक हे वाक्य पोस्टरवर छापतात पण कुठल्या कलमाबद्दल ते म्हटलंय हे लिहीत नाहीत. प्रस्तावनेबद्दल म्हटलेलं नाही, समतेच्या कलमाबद्दल नाही, कोर्टात जाण्याच्या कलमाबद्दल म्हटलंय.

हे किती खरं होतं त्याची परीक्षा 1976 साली झाली. आणीबाणी चालू होती, हजारो माणसं तुरुंगात होती, राष्ट्रपतींच्या आदेशाने हक्कांसाठी कोर्टात जाणं स्थगित केलेलं होतं. 28 एप्रिल 1976 ला सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की अशा वेळी अटकेतल्या माणसाला हेबियस कॉर्पससाठी, म्हणजे अटक बेकायदा आहे, मला सोडा अशी दाद मागायला, हायकोर्टाचं दार ठोठावता येणार नाही. विरोधात एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना. आणि त्याच वर्षाच्या शेवटी 42 वी घटनादुरुस्ती आली, तिने प्रस्तावनेत 'समाजवादी', 'धर्मनिरपेक्ष' आणि 'एकात्मता' हे शब्द घातले. म्हणजे प्रस्तावना सगळ्यात भरजरी झाली ते साल आणि तुरुंगातल्या माणसाला कोर्टाचं दार बंद झालं ते साल एकच. नंतर 1978 च्या 44 व्या दुरुस्तीने दुखणं बरोबर ओळखलं, प्रस्तावनेला हात न लावता कलम 359 दुरुस्त केलं, आता आणीबाणीतसुद्धा 20 आणि 21 ह्या (शिक्षेबाबतचं संरक्षण, आणि जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य) कलमांसाठी दाद मागायचा हक्क काढून घेता येत नाही. तुम्ही मला विचाराल आदर्श कशाने वाचला, तर ह्या 359 मधल्या रुक्ष दुरुस्तीने.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर तो वाद पण बोलून टाकू, कारण टीव्हीवर तो दर वर्षी पेटतो. 15 नोव्हेंबर 1948 ला के. टी. शहांनी पहिल्याच कलमात 'धर्मनिरपेक्ष, संघराज्यात्मक, समाजवादी' असे शब्द घाला अशी दुरुस्ती आणली होती. ती फेटाळली गेली. आता एक बाजू म्हणते बघा, संस्थापकांना धर्मनिरपेक्षता नकोच होती, आणि दुसरी बाजू ह्या नकाराचा उल्लेखच टाळते. दोघांनीही बाबासाहेबांचं त्या दिवशीचं उत्तर वाचावं. ते म्हणाले समाजाची आर्थिक घडी कशी असावी हे त्या त्या काळच्या लोकांनी ठरवायचं, आजच ते घटनेत बांधून टाकणं म्हणजे लोकशाहीच मोडणं. आणि पुढे असंही म्हणाले की ज्या गोष्टी शहांना हव्यात त्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये, म्हणजे सरकारने धोरण ठरवताना पाळायच्या पण कोर्टात बजावून घेता न येणाऱ्या कलमांमध्ये, आधीच आहेत. म्हणजे त्या नकारामागेही एक विचार आहे, पुढच्या पिढीचे हात बांधायचे नाहीत. धर्माच्या बाबतीत तर समतेच्या 14, 15, 16 आणि धर्मस्वातंत्र्याच्या 25 ते 28 ह्या कलमांनी काम आधीच झालं होतं, शब्द 1976 मध्ये आला म्हणून काही बदललं नाही आणि उद्या काढला तरी ती कलमं जागेवरच राहतील. नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टाने हे शब्द काढायच्या याचिका फेटाळल्या, आणि मला तो निकाल बरोबर वाटतो.

ह्यापेक्षा जास्त सांगून जाणारं मतदान 17 ऑक्टोबर 1949 चं आहे. प्रस्तावनेवर चर्चा चालू होती, एच. व्ही. कामतांनी दुरुस्ती आणली की सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' अशी करा. सभागृहात देवभक्त कमी नव्हते, अध्यक्षस्थानी राजेंद्रप्रसाद होते. पूर्णिमा बॅनर्जींनी विनवणी केली की देवावर मत द्यायची वेळ आमच्यावर आणू नका. थानू पिल्लै म्हणाले ह्याने श्रद्धेची सक्ती होईल. हृदयनाथ कुंझरूंचं म्हणणं होतं की ज्या प्रस्तावनेत आपण विचार, श्रद्धा, उपासना ह्यांचं स्वातंत्र्य देतोय तिच्यातच हे कसं बसवायचं. कामत मागे हटले नाहीत, हात वर झाले, 41 बाजूने, 68 विरोधात. दुरुस्ती पडली. नाही म्हणणारे सगळे नास्तिक होते असं मुळीच नाही, म्हणून तर त्या 68 मतांचं मोल. सात महिने आधी, 12 मार्च 1949 ला, पाकिस्तानच्या घटना समितीने आपला उद्दिष्टांचा ठराव मंजूर केला होता, त्याची सुरुवात अशी की विश्वाचं सार्वभौमत्व अल्लाचं आहे. दोन्हीकडे तीच माणसं कालपरवापर्यंत एका देशात राहिलेली, आणि सत्ता कुणापासून येते ह्या एकाच प्रश्नाला दोन उत्तरं. आपलं उत्तर 'आम्ही भारताचे लोक'.

आणि हे लोक म्हणजे कोण, तर सगळे. प्रौढ मतदानाचं कलम 326, ह्याबद्दल आपण फार कमी बोलतो, जणू ते होणारच होतं. इंग्रजांच्या काळात मत होतं ते मालमत्ता, कर, शिक्षण अशा अटी लावून थोड्यांना. घटना समिती स्वतः अशाच मर्यादित मतदारांनी निवडलेल्या प्रांतिक विधिमंडळांतून आली होती, म्हणजे ज्यांना मत होतं त्यांच्या प्रतिनिधींनी ज्यांना नव्हतं त्यांना ते दिलं. 1951 च्या जनगणनेत साक्षरता साधारण 18 टक्के होती. ब्रिटनमध्ये बायकांना पुरुषांच्या बरोबरीने मत 1928 मध्ये मिळालं, फ्रान्समध्ये 1944, स्वित्झर्लंडमध्ये राष्ट्रीय पातळीवर 1971. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर हे काही क्रांतिकारक गृहस्थ नव्हते, पण शेवटच्या भाषणात त्यांनी म्हटलं की सामान्य माणसावरच्या भरपूर विश्वासाने ह्या सभेने प्रौढ मतदान स्वीकारलंय.

आदर्श कारकुनी कामात कसा उतरतो ते पण बघा. पहिल्या निवडणुकीच्या याद्या करताना लाखो बायकांनी आपलं नाव सांगितलं नाही, अमक्याची बायको, तमक्याची मुलगी, एवढंच. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन ह्यांनी भूमिका घेतली की स्वतःचं नाव नसेल तर नोंद नाही. साधारण 28 लाख नावं त्यामुळे यादीतून गेली. कठोर वाटतं, त्या बायकांचं ते मत गेलंच. पण राज्य पहिल्यांदा म्हणत होतं की तू कुणाची कोण हे मला नको, तू कोण ते सांग. व्यक्ती हा घटक धरून बांधलेली घटना, कुटुंब नाही, जात नाही, गावही नाही. गावावरून तर मोठंच भांडण झालं होतं, 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचं डबकं म्हटलं, गांधीवादी सदस्य चिडले, आणि शेवटी के. संथानम ह्यांच्या दुरुस्तीने पंचायतींचं कलम 40 मार्गदर्शक तत्त्वांत आलं. त्याला खरा दात आला तो 73 व्या दुरुस्तीने, 1993 मध्ये.

उचललेलं आहे ह्या आरोपाला उत्तर त्याच 4 नोव्हेंबरच्या भाषणात आहे. बाबासाहेब म्हणाले घटनेच्या मूलभूत कल्पनांवर कुणाचं पेटंट नसतं, मला वाईट वाटतं ते एवढंच की इंग्रजांच्या 1935 च्या भारत सरकार कायद्यातून घेतलेला भाग बहुतेक प्रशासनाच्या तपशिलाचा आहे. आणि मग तो तपशील का हवा ते सांगितलं: घटनेचा एक शब्द न बदलता नुसतं प्रशासनाचं रूप बदलून घटनेचा आत्मा मारता येतो, आणि घटनात्मक नीती, म्हणजे घटनेची चौकट मानून वागायची सवय, आपल्याकडे अजून रुजायची आहे, त्यामुळे तपशील कायदेमंडळांवर सोडणं धोक्याचं. हे वाक्य मी वर्गात दोनदा वाचून दाखवते.

आता जिथे आदर्श कमी पडला ते पण सांगितलं पाहिजे, नाहीतर हे उत्तर म्हणजे आरती होईल. स्थानबद्धता. गुन्हा सिद्ध न करता, खटला न चालवता, पुढे काहीतरी करशील ह्या अंदाजावर माणसाला आत टाकायचा अधिकार, आणि तो कुठे लिहिलाय तर मूलभूत हक्कांच्याच प्रकरणात, कलम 22. त्याची कथा अशी की स्वातंत्र्याच्या कलमातून 'योग्य प्रक्रिया' ही अमेरिकन धर्तीची हमी काढून 'कायद्याने घालून दिलेली पद्धत' एवढंच ठेवलं गेलं, त्यावर सभेत नाराजी होती, म्हणून भरपाई म्हणून सप्टेंबर 1949 मध्ये 22 आणलं. त्यात अटकेचं कारण सांगणं, वकील मिळणं, 24 तासांत मॅजिस्ट्रेटपुढे नेणं हे चांगलं आहे, पण स्थानबद्धाला ह्यातलं बरंचसं लागू नाही. चर्चेत महावीर त्यागींनी, जे इंग्रजांच्या तुरुंगात राहून आले होते, सुनावलं की मसुदा समितीच्या सदस्यांना आधी तुरुंगाचा अनुभव असता तर बरं झालं असतं. 1950 मध्ये पहिल्याच मोठ्या केसमध्ये, ए. के. गोपालनच्या, सुप्रीम कोर्टाने स्थानबद्धता उचलून धरली.

हे माझं रोजचं काम आहे म्हणून जरा जवळून सांगते. महाराष्ट्रात 1981 चा एमपीडीए हा स्थानबद्धतेचा कायदा आहे, झोपडपट्टी दादा, हातभट्टीवाले वगैरेंसाठी केलेला. त्याखालचा आदेश बघितला तर त्यात बहुतेक वेळा एक-दोन दाखल गुन्हे आणि त्याच्या जोडीला नाव गुप्त ठेवलेल्या साक्षीदारांचे दोन 'इन कॅमेरा' जबाब असतात, साक्षीदार अ आणि साक्षीदार ब. उलटतपासणी नाही, कारण खटलाच नाही. आम्ही हायकोर्टात भांडतो ते कशावर? शेवटच्या गुन्ह्यानंतर आदेश काढायला इतका उशीर का झाला, कागद त्याला कळणाऱ्या भाषेत दिले का, त्याचं निवेदन सरकारने वेळेत बघितलं का, आणि जे घडलंय ते साध्या कायदा-सुव्यवस्थेचं आहे की खरंच सार्वजनिक सुव्यवस्था बिघडवणारं आहे, कारण दोन्ही एक नाहीत हे सुप्रीम कोर्टाने 1965 मध्ये राममनोहर लोहियांच्या केसमध्ये सांगून ठेवलंय. ह्या मुद्द्यांवर आदेश रद्द होतात, भरपूर होतात. हे मुद्दे तांत्रिक वाटतात, लोक म्हणतात वकिलाने टेक्निकल पॉइंटवर सोडवला. पण निवेदन वेळेत बघितलं पाहिजे हे कलम 22 च्या पाचव्या खंडातून येतं, त्या माणसाकडे तेवढाच घटनेचा भाग शिल्लक आहे, आणि तो मी शेवटपर्यंत धरून ठेवणार. आणि जाता जाता, 44 व्या दुरुस्तीने सल्लागार मंडळाच्या (स्थानबद्धतेला पुरेसं कारण आहे का हे बघणाऱ्या मंडळाच्या) मताशिवाय ठेवायची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली होती, सल्लागार मंडळाच्या नेमणुकीचे नियमही कडक केले होते, पण ते कलम लागू करायची अधिसूचना आजपर्यंत कुठल्याच सरकारने काढलेली नाही. सगळ्या रंगांची सरकारं येऊन गेली. संसदेने मंजूर केलेला आदर्श इतकी वर्षं सहीवाचून पडून आहे, आणि ह्याबद्दल एकही मोर्चा मी बघितलेला नाही.

मग प्रस्तावनेचा उपयोग काहीच नाही का? आहे, पण तो कसा हे नीट समजून घ्या. 1960 मध्ये बेरूबारी प्रकरणात सुप्रीम कोर्ट म्हणालं प्रस्तावना घटनेचा भाग नाही, 1973 मध्ये केशवानंद भारतीच्या केसमध्ये 13 न्यायाधीशांपुढे ते बदललं, ती भाग आहे असं ठरलं, आणि 7 विरुद्ध 6 अशा निसटत्या बहुमताने हेही ठरलं की संसद घटना दुरुस्त करू शकते पण तिची मूलभूत चौकट मोडू शकत नाही. ही चौकट कुठली हे ओळखताना न्यायाधीशांनी प्रस्तावनेकडे बघितलं. म्हणजे प्रस्तावना स्वतः तुम्हाला काही मिळवून देत नाही, कलमाचे दोन अर्थ निघत असतील तर कुठला घ्यायचा ते ती सांगते. 2017 च्या खासगीपणाच्या निकालात प्रतिष्ठेचा मुद्दा प्रस्तावनेपर्यंत मागे नेलाय तो असाच. बंधुता उद्दिष्टांच्या ठरावात नव्हती, फाळणीची हिंसा होऊन गेल्यावर मसुदा समितीने ती घातली, आणि तिच्या पुढे आधी व्यक्तीची प्रतिष्ठा लिहिली आणि मग राष्ट्राची एकता. मला हा क्रम बरोबर वाटतो, माणसाची मान खाली घालून साधलेली एकता किती दिवस टिकते हे आपण आजूबाजूच्या देशांत बघितलंय.

वाचायचंच असेल तर घटना समितीच्या चर्चा संसदेच्या साइटवर फुकट आहेत. सगळे 12 खंड वाचायला जाऊ नका, कोणीच पूर्ण करत नाही. 17 डिसेंबर 1946 घ्या, मग 4 नोव्हेंबर 1948, त्याच महिन्याची 15 आणि 29 तारीख, 9 डिसेंबर 1948, मग 17 ऑक्टोबर 1949, आणि सगळ्यात शेवटी 25 नोव्हेंबर 1949 चं बाबासाहेबांचं भाषण, राजकारणात समता आणि समाजात विषमता असं विसंगत आयुष्य आपण 26 जानेवारीपासून सुरू करतोय हा इशारा त्यात आहे, सगळे तिथूनच सुरुवात करतात आणि म्हणून त्यांना ते नुसतं भाषण वाटतं. प्रत्येक दिवशी मंजूर झालेलं कलम एका बाजूला ठेवा, पडलेल्या दुरुस्त्या दुसऱ्या बाजूला. सप्टेंबर 1949 मधली कलम 22 ची चर्चा पण सोडू नका, तिथे मसुदा समितीला घरच्याच लोकांनी किती फैलावर घेतलं ते वाचा, त्यांचे बरेचसे आक्षेप मी आजही माझ्या युक्तिवादात जसेच्या तसे वापरते.